सूक्ते गाता, मग ऋषींची नावे का गाळता?

कार्यक्रमपत्रिकेत गीताच्या नावापुढे ‘पारंपरिक’ हा एक शब्द छापून मोकळे होण्याची सोय आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, पर्यावरण दिन असो की एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव. चाळीस-पन्नास मुलामुलींचा वृंद रंगमंचावर उभा राहतो, सिंथेसायझरवर तंबोऱ्याचा नाद धरला जातो, धीरगंभीर संस्कृत शब्द सभागृहात घुमू लागतात. श्रोते भारावतात, टाळ्या वाजतात, प्रमुख पाहुणे संस्कृतीविषयी चार उदात्त वाक्ये बोलतात. हे नेमके काय गायिले गेले, असे कुणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : वेदातले आहे काहीतरी. कोणत्या वेदातले? उषेचे सूक्त होते, पर्जन्याचे, की पृथ्वीचे? त्याचा ऋषी कोण? चाल कोणी बांधली? मराठी भाषांतर म्हटले गेले असेल तर ते कोणाचे? गाणाऱ्यांना ते ठाऊक नसते, गाऊन घेणाऱ्यांना ठाऊक नसते आणि आपण विचारायला हवे होते, हे श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही.

याला अज्ञान म्हणून सोडून देता येईल. पण ही गोष्ट त्याहून गंभीर आहे. ज्या वाङ्मयाने नाव सांगितल्याखेरीज मंत्र उच्चारू नये, असा दंडक घातला, त्याच वाङ्मयाला त्याच्या वारसांनी अनाम करून टाकले आहे. आणि हे करणाऱ्यांत वेदांचा द्वेष करणारे नव्हेत, तर वेदांचा अभिमान मिरवणारे आपणच आघाडीवर आहोत.

आपले आद्य सूचिकार

ऋग्वेदात १०२८ सूक्ते आहेत. ती दहा मंडलांत विभागली आहेत. या अफाट संग्रहातील एकही सूक्त बेवारस राहू नये, याची काळजी आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने घेतली, हे कात्यायनाची ‘सर्वानुक्रमणी’ उघडली की दिसते. प्रत्येक सूक्ताचा आरंभीचा शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद. अशी ही नोंद आहे. आजच्या ग्रंथपालाने मान तुकवावी, असे हे सूचीकार्य आहे. शौनकाच्या नावावर असलेली ‘बृहद्देवता’ त्या त्या सूक्ताची देवता कोणती आणि त्यामागची कथा काय, हे सांगते. ऋषी, देवता आणि छंद न जाणता जो मंत्र म्हणतो किंवा शिकवतो, त्याला पुण्य तर नाहीच, उलट दोष लागतो, असे या परंपरेने बजावले आहे. म्हणूनच आजही वैदिक पठणापूर्वी या तिन्हींचा उच्चार करतो.

याचा अर्थ असा की, ‘वैदिक गीत – पारंपरिक’ असे छापणारा मनुष्य परंपरेचे पालन करीत नसतो. तो परंपरेचा पहिलाच नियम मोडीत असतो.

आणि नियम मोडल्याने हरवते काय, तेही पाहावे. दहाव्या मंडलातील १४६ वे सूक्त अरण्यानीचे आहे. सहा ऋचांत वनदेवतेचे असे चित्र उभे राहते की, सांजवेळी रानातून येणारे आवाज आजही कानी पडावेत. त्याचा ऋषी देवमुनी ऐरंमद. सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त वसिष्ठाचे. पहिल्या पावसाने जागे झालेले बेडूक त्यात व्रतस्थ ब्राह्मणांसारखे बोलू लागतात. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्या माणसाला या सूक्ताचे भाष्य वेगळे सांगावे लागू नये. दहाव्या मंडलातील १२७ वे रात्रिसूक्त. अनुक्रमणीने त्याच्या द्रष्ट्यांत कुशिक सौभर याच्याबरोबर रात्री भारद्वाजी या ऋषिकेचे नाव विकल्पाने नोंदवले आहे. मुलींचा वृंद हे सूक्त गातो आणि त्या मुलींना एवढेही सांगितले जात नाही की, या सूक्ताशी एका स्त्रीचे नाव जोडले गेलेले आहे! ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली देवमुनी, वसिष्ठ आणि भारद्वाजी हे तिघेही पुसले जातात.

पंचगंगेच्या काठी ओळखलेला मंत्र

कोल्हापूरकरांना तरी मंत्र ओळखण्याचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. १८९९ च्या कार्तिकात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असता पुरोहित मंत्र म्हणत होता. महाराजांसमवेत संस्कृतचे व्यासंगी पंडित राजारामशास्त्री भागवत होते. म्हटले जात आहेत ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे त्यांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले. त्या एका ओळखीतून जे वेदोक्त प्रकरण उभे राहिले, त्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. छत्रपतींच्या घराण्याला वेदमंत्र नाकारण्याची मजल जन्माच्या अहंकाराने गाठली होती. आणि तो अहंकार उघडा पडला, कारण ऐकणाऱ्याला मंत्र ओळखता येत होता. पुढे १९२० साली महाराजांनी श्री शिवाजी वैदिक विद्यालय स्थापन करून वेदाध्ययनाचे दार अन्य समाजांसाठी उघडले.

या घटनेचा बोध सामाजिक आहे तसाच तो प्रस्तुत विषयाशीही निगडित आहे. ज्याला मंत्र ओळखता येत नाही, त्याच्या पदरात कोणीही काहीही टाकावे आणि त्याने कृतज्ञतेने स्वीकारावे, अशी त्याची अवस्था होते. वेदांवर साऱ्या हिंदू समाजाचा अधिकार आहे, हे आपण आज व्यासपीठावरून निःसंकोचपणे म्हणतो. मात्र, अधिकार म्हणजे केवळ ऐकण्याची मुभा नव्हे. ऐकलेले ओळखण्याचे सामर्थ्य म्हणजे अधिकार. ते सामर्थ्य शाळेतल्या शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचवले नाही, तर आपण दार उघडले आणि आत अंधार ठेवला, असेच म्हणावे लागेल.

एकच वर्ष, दोन शहरे

यापुढचा प्रसंग १९०८ चा. तो प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ असायला हवा होता. राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापुरातून ‘विश्ववृत्त’ हे मासिक चालवीत. त्यात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि प्रा. विजापूरकरांना व पुढे ‘रागिणी’कार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेल्या वामन मल्हार जोशींना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील ६३ मंत्रांच्या पृथ्वीसूक्ताला सातवळेकरांनी ‘वैदिक राष्ट्रगीत’ म्हटले होते. त्या नावाचे त्यांचे पुस्तकही इंग्रज सरकारने जप्त केले. पर्वत, नद्या, औषधी, ऋतू आणि या भूमीवर नांदणारी नाना भाषांची माणसे यांचे ते स्तवन. त्या स्तवनातला मातृभूमीचा उद्घोष परक्या राज्यकर्त्यांना अचूक ओळखता आला, म्हणूनच त्यांना त्याचे भय वाटले!

त्याच १९०८ मध्ये, त्याच साम्राज्याच्या राजधानीत, काय चालले होते? लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल या शाळेत आणि कष्टकऱ्यांसाठी चालणाऱ्या मॉर्ले कॉलेजात संगीत शिकवणारा गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) नावाचा एक संगीतकार ऋग्वेदातील सूक्तांना समूहस्वरांत बांधत होता. हाती असलेल्या इंग्रजी भाषांतरांनी त्याचे समाधान होईना, म्हणून या गृहस्थाने देवनागरी अक्षरओळखीपासून संस्कृतचा श्रीगणेशा केला आणि शब्दकोश जवळ घेऊन स्वतःच्या गरजेपुरती भाषांतरे स्वतःच सिद्ध केली. १९०८ ते १९१२ या काळात त्याने चार गटांत एकूण चौदा सूक्तरचना केल्या. पहिला गट स्त्री-पुरुषांच्या संमिश्र वृंदासाठी, दुसरा व तिसरा स्त्रीस्वरांसाठी, चौथा पुरुषस्वरांसाठी. तिसऱ्या गटात उषा आणि आप म्हणजे जलदेवता यांची स्तोत्रे आहेत. साथीला केवळ हार्प हे तंतुवाद्य. कालिदासाच्या मेघदूतावरही त्याने मोठी समूहरचना केली, सावित्रीच्या आख्यानावर छोटेखानी संगीतिका लिहिली. ‘द प्लॅनेट्स’ या रचनेने त्याला जगभर कीर्ती मिळाली ती पुढे.

कोल्हापुरात वैदिक प्रार्थनांचे तेज दाखवणाऱ्यांना तुरुंग आणि लंडनमध्ये त्याच वेदातील सूक्तांना रंगमंच! साम्राज्याच्या न्यायाचे याहून मार्मिक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. होल्स्टचा यात दोष नाही. त्याची निष्ठा निर्मळ होती आणि आपल्या कृतीच्या मथळ्यातच त्याने ‘ऋग्वेद’ हे नाव घातले. आपल्या पत्रिका तेवढेही करीत नाहीत, ही टोचणी आपण स्वतःला लावून घेतली पाहिजे.

नाव चुकले की अर्थ चुकतो

पण होल्स्टची रचना ऐकून आपल्या संगीताच्या विद्यार्थ्याला मूळ सूक्त ओळखता येईल का? शब्द इंग्रजी, स्वरसंगती पाश्चात्त्य. पहिल्या गटातील एका रचनेचे नाव आहे ‘अज्ञात देवाप्रत’. हे नाव घेऊन ऋग्वेदाच्या सूचीत शोधणाऱ्याला काहीही सापडणार नाही. मग शोध अंतरंगातून घ्यावा लागतो. कोणत्या देवाला हवी अर्पण करावा, असा प्रश्न ध्रुवपदासारखा पुनःपुन्हा येतो. हिमाच्छादित पर्वत, समुद्र आणि नदी ज्याची महती सांगतात, अशा एका अधिपतीचे वर्णन येते. एवढी खूण पुरे. हे दहाव्या मंडलातील १२१ वे, हिरण्यगर्भ सूक्त.

आता अनुक्रमणी काय सांगते ते पाहा. देवता – ‘क’, म्हणजे प्रजापती. सूक्तातील नऊ ऋचा प्रश्न विचारतात आणि दहावी ऋचा प्रजापतीचे नाव घेऊन उत्तर देते. मग ‘अज्ञात देव’ आला कोठून? हा मथळा पंडित मॅक्समुल्लर यांनी आपल्या भाषांतराला दिला आणि तो पुढे रूढ झाला. बायबलच्या नव्या करारात अथेन्स नगरातील ‘अज्ञात देवा’च्या वेदीचा उल्लेख करून सेंट पॉल आपल्या देवाचा उपदेश करतो, ख्रिस्ती वाचकाच्या मनात हा मथळा वाचताच तोच प्रसंग उभा राहतो. दहाव्या ऋचेला शाकल्याचा पदपाठ नाही, म्हणून ती उत्तरकालीन असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो वाद विद्वानांनी करावा. तथापि, ज्या सूक्ताला आमच्या सूचिकारांनी देवतेचे नाव दिले, ते जगापुढे ‘अज्ञात’ म्हणून गेले, ही वस्तुस्थिती उरतेच. नुसते एक शीर्षक बदलले आणि जिज्ञासेचे सूक्त अज्ञानाची कबुली ठरले! आपण आपले नाव सांगितले नाही, तर दुसरा त्याच्या सोयीचे नाव देतो, हा इतिहासाचा नियमच आहे.

हेच सूक्त आपल्या घराघरांत येऊन गेले आहे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. तिच्या प्रारंभी नासदीय सूक्त, म्हणजे दहाव्या मंडलातील १२९ वे, आणि अखेरीस हिरण्यगर्भ सूक्त वृंदस्वरांत येई. ते समूहसंगीत वनराज भाटिया यांचे. लंडन आणि पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेल्या या प्रतिभावंताने संस्कृत मंत्र आणि हिंदी भाषांतर यांची जी गुंफण केली, ती त्या पिढीच्या कानांत आजही आहे. ते हिंदी भाषांतर मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या वसंत देव यांचे. पण आज कुणालाही विचारा. ते संगीत ‘भारत एक खोजचे गाणे’ एवढ्याच नावाने ओळखले जाईल. सूक्ताचे नाव नाही, संगीतकाराचे नाही, भाषांतरकाराचेही नाही. पं. नेहरूंच्या ग्रंथावरील मालिकेला आपल्या मुखासाठी ऋग्वेदच लागला, हे सांगण्याची संधीसुद्धा आपण या विस्मरणापायी गमावली.

खोट्या ओळखीचा मोह

विस्मरणाचे दुसरे टोक म्हणजे उतावळा अभिमान. परदेशी चित्रपटात संस्कृत शब्द ऐकू आला की तो वेदमंत्रच, असे ठोकून देणारे संदेश भ्रमणध्वनीवर फिरू लागतात. १९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील चित्रपटात जॉन विल्यम्स यांनी योजलेला समूहस्वर प्रसिद्ध आहे. त्यातील शब्द संस्कृत आहेत, हे खरे. पण ते वेदांतले नाहीत. वृक्षांच्या युद्धाचे वर्णन करणारी ‘काद गोदाइ’ नावाची वेल्श भाषेतील एक जुनी कविता आहे. तिच्या इंग्रजी रूपातील ओळींचा संस्कृत अनुवाद करवून त्यातील अक्षरे नादासाठी वापरली गेली. निसर्गाची प्राचीन कविता ती आहेच. पण आपली नव्हे. याउलट २००३ च्या ‘मेट्रिक्स’ चित्रपटमालिकेतील अखेरच्या भागात डॉन डेव्हिस यांनी वापरलेला समूहस्वर बृहदारण्यक उपनिषदातला आहे. पहिले आपले नाही, दुसरे आपले आहे. हा भेद सांगता येणे, यालाच ओळख म्हणतात.

जे आपले नाही त्यावर हक्क सांगितल्याने आपले आहे त्यावरचा हक्क दुबळा होतो. विरोधक अशा एका चुकीवर बोट ठेवतात आणि शंभर खऱ्या गोष्टी हसण्यावारी नेतात. त्यांना ती संधी आपण का द्यावी?

दोन आक्षेप

काही श्रद्धाळू म्हणतील की, वेदमंत्र समूहसंगीतात बसवणे हाच अपराध. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची मोडतोड होते. पठणाची शुद्धता अबाधित राहिलीच पाहिजे. युनेस्कोने २००३ साली वैदिक पठणपरंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवले, ते तिच्या या शुद्धतेसाठीच. पण ऋचेचे गान करणे आपल्याला परके नाही. सामवेद म्हणजे दुसरे काय? त्यातील बहुतेक ऋचा ऋग्वेदातल्याच. त्या गानासाठी घेतल्या गेल्या. प्रस्तोता, उद्गाता आणि प्रतिहर्ता हे तिघे सामाचे भाग वाटून घेत आणि ‘निधन’ हा अखेरचा भाग एकत्र गात. समूहस्वराचे बीज यज्ञमंडपातच आहे. तेव्हा, पठण हे पठण आणि स्वररचना ही स्वररचना, असे स्पष्ट लिहावे. म्हणजे पावित्र्यही राहील आणि कलाही.

दुसरा आक्षेप रसिकांचा. नावगावाची कटकट कशाला, संगीताचा आनंद घ्यावा! हे म्हणणे कोल्हापुरात तरी शोभत नाही. अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीवर पोसलेली, देवल क्लबच्या मैफलींत घडलेली ही नगरी. दोन स्वरांत राग ओळखणारे कान येथे आहेत. राग चुकीचा सांगितला तर येथला श्रोता अस्वस्थ होतो. रागाचे नाव कळल्याने कुणाचा आनंद उणावला आहे? मग सूक्ताचे नाव कळल्याने तो कसा उणावेल?

एक ओळ पुरेशी आहे

साधनांची वाण नाही. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेद सिद्ध केला आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे मराठी भाषांतर आहे. होशियारपूरच्या विश्वबंधू शास्त्रींचा वैदिक पदानुक्रम कोश आहे. मंत्राचा चरण कानी पडला की तो कोठला, हे सांगणारी सूची अमेरिकेतील मॉरिस ब्लूमफिल्ड यांनी १९०६ मध्येच प्रसिद्ध केली. परक्याने केलेले ते श्रम उघडून पाहण्याचे कष्टही आपण घेऊ नयेत काय? इच्छा असेल तर अर्ध्या तासात सूक्ताचा ठावठिकाणा लागतो.

आणि छापायचे ते किती? ‘ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १४६, ऋषी देवमुनी ऐरंमद, देवता अरण्यानी, छंद अनुष्टुभ्’ – एवढे, त्याखाली स्वररचनाकार आणि भाषांतरकार यांची नावे. पत्रिका नसेल तिथे निवेदकाने अर्ध्या मिनिटात हे सांगावे. समूहगान स्पर्धांच्या आयोजकांनी ही नोंद न देणाऱ्या संघाचे गुण कापावेत. मग शाळा आपोआप शिकतील. शिवाजी विद्यापीठातील संगीत आणि संस्कृतच्या अध्यापकांनी एकत्र बसून, देशात आणि परदेशात स्वरबद्ध झालेल्या वैदिक निसर्गसूक्तांची एक मराठी सूची करावी. त्यात होल्स्ट असावा, भाटिया असावेत, आणि आपल्या गावोगावच्या संगीतशिक्षकांनी बांधलेल्या, कुठेच न नोंदलेल्या चालीही असाव्यात. ते शिक्षक निवृत्त होतात, जग सोडून जातात आणि त्यांच्या चाली दुसऱ्याच वर्षी ‘पारंपरिक’ होऊन जातात. हाही एक अन्यायच आहे.

आपल्या संस्थांपासूनच आरंभ व्हावा. येत्या कार्यक्रमात वृंद उभा राहील, तेव्हा मुलांना आधी ऋषीचे नाव म्हणू द्या, देवतेचे म्हणू द्या, आणि मग गाऊ द्या. वैदिक प्रार्थनांचे नाव घेतले म्हणून ज्या शहरातली माणसे तुरुंगात गेली, त्या शहराने आता ते नाव निर्भयपणे आणि अचूक उच्चारावे, एवढीच अपेक्षा आहे.